फळ्याकडे पाठ कर

प्रिय बारके,

नाही, मी फोन आपटला नव्हता. ठेवला होता. कुणी विचारलं नाही तरी सांगून ठेवते, म्हणजे बहीणभाऊ मिळून माझ्यामागे चर्चा नको. तब्येत ठणठणीत आहे, नळ दुरुस्त झाला, आणि खालची शिक्षिका अजून जिन्यातच चपला पसरते. झाली बातमी.

आता मुद्द्याचं. तू दादाला पाठवलेला तो लांबलचक मेसेज मी वाचला. त्याच्यावर डाफरू नकोस, मीच त्याच्या हातातून मोबाईल घेतला. चौथी शिकलेल्या बाईला वेळ लागतो, पण कळतं. तू कामगारांना देतेस त्या ट्रेनिंगला तो पॅकिंगवाला म्हातारा येतो, मागच्या रांगेत भिंतीकडेला बसतो. तू फळ्याकडे वळलीस रे वळलीस की शेजारच्याशी कुजबुज सुरू करतो. तू विचारतेस एक, तो सांगतो भलतंच, सगळे खिदळतात. आणि सगळ्यांचं हसून झालं की मग हा एकटा हसतो, मुद्दाम, तुला खिजवायला. सोमवारी शेवटचा वर्ग. मग तू त्याचं नाव साहेबांना लिहून देणार, आणि ते त्याला मशीनवरून काढून झाडू मारायला लावणार. तुझ्या कोर्सच्या पुस्तकात म्हणे वर्गात त्रास देणाऱ्यांचे सहा प्रकार दिलेत, आणि हा चौथ्यात बसतो.

बाई गं, ते पुस्तक मिट जरा. सातवा प्रकार तुझ्या घरात आहे.

बाटल्यांच्या कारखान्यात मी किती वर्षं काढली ते तुला माहीत आहे. आवाज कसला होता ते माहीत नाही. रिकाम्या बाटल्या पट्ट्यावरून एकमेकींवर आपटत जायच्या, आठ तास. आम्ही बायका ओठांवरूनच बोलायचो. नवऱ्यांच्या चहाड्या, सासवांची गाऱ्हाणी, सगळं बिनआवाजाचं. त्यात डावा कान कधी गेला ते मला कळलंसुद्धा नाही. मग बाटल्या धुवायची नवी मशीन आली आणि ती शिकवायला एक पोरगेला सर आला. तुझ्याच वयाचा. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात खडू, आणि बोलायला लागला की तोंड फळ्याकडे. मागे बाटल्यांचा खडखडाट चालूच, आणि मला ओठ दिसेनात. मी शेजारणीला कोपर मारून विचारायची, काय म्हणतोय गं. तो गर्रकन वळायचा, काय बडबड चाललीय, मी काय सांगितलं ते सांगा. मी तोंडाला येईल ते ठोकून द्यायची आणि सगळ्याजणी हसायच्या. मला ते बरंच पडलं. बहिरी म्हणून कळलं असतं तर पट्ट्यावरून उचललं असतं. वात्रट बाईला कोण काढतंय? दुसऱ्या दिवशी तर मी त्याच्या चालण्याची नक्कल करून दाखवली. त्याने खडू खाली ठेवला तो पुन्हा उचललाच नाही. मी पाहिलं. तिसऱ्या दिवशी तो आलाच नाही. दुसरा कुणी आला, त्याने कागद वाचून दाखवला आणि सह्या घेतल्या. मीही केली.

माझ्या मनगटावरचा तो डाग. लहानपणी तू त्यावरून बोट फिरवायचीस, आणि मी म्हणायची, कढईतलं तेल उडालं. तेल नाही ते. वाफ सुटायच्या आधी मशीनवर तांबडा दिवा लागतो, तेव्हा हात मागे घ्यायचा, हे त्या इस्त्रीवाल्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. फळ्याला. दिवा मी पाहिला होता. कशाचा ते माहीत नव्हतं.

तेव्हा सोमवारी असं कर. काका, ऐकू येत नाही का, असं चारचौघांत विचारू नकोस. उठून जाईल आणि जाताजाता तुला चार शब्द ऐकवेल. मी तेच केलं असतं. त्याला पुढे बोलव आणि हातात काहीतरी धरायला दे, खोका म्हण, मशीनचा एखादा सुटा भाग म्हण. म्हाताऱ्यांना कामाला लावलं की गप्प बसतात. तू आधी लिही, मुकाट्याने लिही, मग फळ्याकडे पाठ कर आणि बोल. तोंडावर हात धरायची तुझी सवय आहे, ती नको. एवढं करूनही त्याची कुजबुज थांबली नाही तर खुशाल नाव लिही, माझं काही म्हणणं नाही. पण ते मागाहून हसणं खिजवणं नव्हे गं. बाकीचे हसताना दिसले की मग माणूस हसतो. मी कित्येक वर्षं तशीच हसत आलेय.

हे फोनवर का नाही सांगितलं, म्हणशील. रविवारी तू फोनवर बराच वेळ काहीतरी सांगत होतीस. उजवा कानही आता चाललाय, फोनमध्ये नुसती घरघर. घरात निभावतं, समोरच्याचं तोंड दिसतं. मी आपलं अंदाजाने म्हटलं, छान झालं, जेवून घे, आणि ठेवला. मग तुझ्या मेसेजच्या शेवटी वाचलं, मी रडत होते आणि आई छान झालं म्हणाली. तेव्हापासून घास गोड लागत नाही. म्हणून हे पत्र. दादा शनिवारी तुझ्याकडे येतोय, पाकीट चिकटवून त्याच्या हाती देते. त्याला यातलं काही ठाऊक नाही. पुढच्या सुट्टीला ये, माझ्यासमोर खिडकीपाशी बस, आणि रविवारचं सगळं पहिल्यापासून परत सांग. रडायचं असेल तर रड, पण तोंड माझ्याकडे करून. डॉक्टर, तपासण्या, कानातलं यंत्र, यातलं एक अक्षर काढायचं नाही. काढलंस तरी मी बोलणार नाही.

तुझीच,
तोंडाळ आई