चार बोटं वर

अप्पा, आज तुमच्याशी भांडायचंय. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, आता मला मधे तोडू शकणार नाही, तेव्हा नीट ऐका.

वर्षापूर्वी ऑफिसच्या जिन्यावरून पडले आणि गुडघ्यातलं लिगामेंट फाटलं. ऑपरेशन झालं, सहा महिने व्यायाम केले, डॉक्टरबाई म्हणाल्या, आता सायकल चालवा. चालवली. अंबरपेठहून काचीगुड्याला पोचेपर्यंत गुडघ्याची वाटी अशी ठणकायची की डोळ्यांत पाणी. वाटलं, संपलं, सायकल सुटली कायमची. शेवटी काचीगुड्याच्या सायकलवाल्या चाचांकडे गेले. त्यांनी मला सीटवर बसवलं, पेडल फिरवायला लावलं आणि कपाळाला हात लावला. "मॅडम, सीट इत्ती नीचे कैकू रखे? घुटना पूरा मुडरा. दुखताच ना!" मी काय उत्तर दिलं माहितेय? तुमचंच. बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. चाचा म्हणाले, "नक्को मॅडम. रुके तो सीट से उतरना. बैठके पाँव टेकना नक्को."

मी पंधरा वर्षांची असताना तुमच्या सायकलची सीट पाना घेऊन वर केली होती. गल्लीच्या टोकापर्यंत काय सुसाट गेले होते! परत येते तर तुम्ही दारात. शेजारच्या बायकांदेखत थोबाडीत मारलीत. "एका झटक्यात उतरता आलं पाहिजे!" एवढंच. का, ते नाही. त्यानंतर प्रत्येक सायकलची सीट मी गाढवासारखी खालीच ठेवत आले.

चाचांकडून आल्यावर गावी काकांना फोन लावला. काका म्हणाले, "लेकरा, आपल्या वस्तीतल्या माणसानं वरच्या आळीतून सायकलवर बसून जायचं नव्हतं. उतरायचं, हातात धरून चालायचं. तुझ्या बापाला एकदा उंच सीटवरनं उतरायला उशीर झाला. धरून लई हाणलं त्याला."

अप्पा, हे मला काकांकडून कळावं? तुम्हाला जीभ नव्हती? मारणाऱ्यांचे हात झडोत, पण राग मला तुमचाच येतोय. गाव सोडून शहरात आलात, आबिड्सच्या ऑफिसात साहेबासमोर खुर्चीत बसलात. इथे कोण मेला उतरवणार होता तुम्हाला? तीस वर्षं ढोपरं पोटाशी घेऊन सायकल हाकलीत, रोज संध्याकाळी आई तेल चोळायची, आणि तेच दुखणं माझ्या गुडघ्यात घातलंत. एकदा खरं सांगितलं असतंत तर त्या आळीतून घंटी वाजवत फिरले असते मी.

चाचांनी सीट चार बोटं वर केली. आबिड्सपर्यंत जाऊन आले, गुडघ्याने हूं की चूं केलं नाही. आनंद व्हायचा तर रस्त्यातच रागाने रडू फुटलं. इतकं सोपं होतं हे.

पण एक सांगते. काल अंबरपेठच्या चौरस्त्यावर काही म्हातारे कट्ट्यावर बसले होते. नुसते बसले होते हो, चहा पीत. माझे पाय जमिनीपासून वर, आणि हात आपोआप ब्रेकवर गेले. मला आयुष्यात कुणी सायकलवरून उतरवलेलं नाही. तरी मी उतरले, हँडल धरून त्यांच्यासमोरून चालत गेले. त्यातल्या एकानेही मान वर करून पाहिलं नाही.

घरी येऊन पाना काढला आणि सीट एक बोट खाली घेतली. चाचांना अजून सांगितलेलं नाही.