शेजारच्या सीटवरचं सामान

बापू, तुझ्या गाडीची डिक्की मी गेल्या महिन्यात मोकळी करून घेतली आणि गाणी वाजवायची सोयही बदलली. इंजिन त्याच्या थोडं आधी चालू करून घेतलं होतं. खरं तर सांगायचं एवढंच आहे, पण एवढ्यासाठी मेलेल्या माणसाला कोणी पत्र लिहीत नाही, म्हणून पुढचंही लिहिते.

गाडी तुझ्याकडे आली तेव्हा मी दुसरीत असेन. वणीत ज्या ठेकेदाराचे कोळशाचे ट्रक तू दुरुस्त करायचास, त्याच्या मुलाने ती हौसेने नागपूरहून आणली होती. लाल, दोन सीटची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. हौस फिटल्यावर ती ट्रकांच्या अड्ड्यात कोपऱ्यात धूळ खात पडली, आणि मालक एक दिवस तुला म्हणाला की घेऊन जा, जागा अडून राहिली आहे. घरात तू, याडी आणि मी अशी आपण तीन माणसं आणि गाडीत सीटा दोन, हा हिशेब तुला तेव्हा का सुचला नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. आपले जुने लोक बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलुखभर मीठ आणि धान्य पोचवायचे, हे तांड्यात अजून छाती फुगवून सांगतात. अशा घरात तू एक पोतंसुद्धा धड मावणार नाही अशी गाडी आणलीस. घाटंजीकडचा मामा यावरून तुला वर्षानुवर्षं पिडायचा आणि तू आपला हसून घ्यायचास.

तरी सुरुवातीला डिक्कीत स्टेपनीच्या बाजूला दोन पिशव्या जायच्या. मग ती पेटी आली. चंद्रपूरहून मोठा वूफर, धमधम वाजणारा स्पीकर, आणून त्याला स्वतः प्लायवूडची पेटी ठोकलीस, वर काळा गालिचा चिकटवलास, आणि अख्खी डिक्की त्या पेटीने भरून टाकलीस. याडी पेटीचं दुसरं टोक धरून उभी होती आणि खुदखुदत होती. मी बाजेवर बसून पाहत होते. मला वाटलं, ही बाई किती भोळी आहे, आपलं सामान ठेवायची जागा जाते आहे आणि ही हसते आहे. त्या संध्याकाळी तू कॅसेट लावलीस तेव्हा स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची ताटं थरथरली होती, आणि शेजारची काकू भूकंप झाला का म्हणून विचारायला आली होती.

तेव्हापासून आपल्या घरची रीत ठरून गेली. तीज असो की कोणाचं लग्न, मामाच्या तांड्यावर जायचं झालं की सामान तुझ्या शेजारच्या सीटवर बसायचं आणि याडी मला घेऊन एसटीने यायची. आताही डोळ्यांसमोर येतं. तू गाठोडं सीटवर ठेवतो आहेस, त्याच्यावर सुपारीचा डबा, त्याच्यावर मामीसाठी घेतलेल्या पातळाची पिशवी, आणि वरून पट्टा लावतो आहेस, जणू एखाद्या पाहुणीला नीट बसवावं. मी एकदा म्हणाले होते की सामान मी एसटीत मांडीवर घेते, याडीला गाडीत बसू दे, मी एकटी एसटीने येईन. तेव्हा तू मला आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं ओरडलास. "सामानाले हात लावू नको. मोठ्यायच्या गोष्टीत पडाचं नाही." मी हात मागे घेतला. मारेगावच्या पुढे तुझी गाडी आमच्या एसटीला मागे टाकून जायची, बंद काचांमधूनही गाण्याचा धमधमाट ऐकू यायचा, आणि खिडकीशी बसलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. याडी मात्र बाहेर कापसाकडे पाहत असायची.

तिथून माझा राग सुरू झाला, बापू, आणि तो मी नीट सांभाळला. दहावीत पहिली आले तेव्हा तू घड्याळ आणलंस, ते मी घातलं नाही. यवतमाळला लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा तू गाडीने सोडायला निघालास, तर मी मुद्दाम एसटीचं तिकीट काढून आणलं. मग तू अड्ड्यातच एका ट्रकखाली काम करता करता गेलास. छातीत कळ आली एवढंच सांगितलं लोकांनी. मी आले, सगळं पाहिलं, केलं. रडले नाही. याडीलाही मी रडताना पाहिलं नाही, तेव्हा मनात म्हटलं, हिलाही ते गाठोडं आठवत असेल. गाडी अंगणात टिनाखाली गेली, तिच्यावर ताडपत्री पडली, आणि कोंबड्यांनी तिच्याखाली संसार मांडला.

यंदा मामाच्या नातीचं लग्न निघालं. याडीचे गुडघे गेले आहेत, एसटीच्या पायऱ्यांवर तिला वर ओढावं लागतं. भाड्याची गाडी सांगता आली असती, एका मैत्रिणीनेही तेच सुचवलं. पण मला ते नको होतं. मला याडीला एकदा तरी त्या सीटवर बसवायचं होतं, आणि सामान जिथे असायला पाहिजे होतं तिथे, डिक्कीत टाकायचं होतं. तू नाहीस तरी तुझ्या देखत करते आहे असं समजून करायचं होतं. बाकी कशासाठी मी सुट्ट्या घालवल्या नसत्या.

वरोरा रोडवर टेप बसवणारा एक जण आहे, त्याला घरी बोलावलं. त्याने ताडपत्री काढली, डिक्की उघडली आणि पेटी पाहून त्याचे डोळेच चमकले. म्हणाला, अशी पेटी आता कोणी बनवत नाही, काढू नका, मी नवीन वायर टाकून देतो, लग्नात नाव निघेल. मी म्हटलं, मला नाव काढायचं नाही, पिशव्या ठेवायच्या आहेत. पेटी तूच ने. मग तो एकदम कामाला लागला. स्क्रू गंजले होते, दोघांनी मिळून पेटी उपटून बाहेर काढली, तर खाली उंदरांनी कुरतडलेल्या चिंध्या आणि गाडीच्या पोटाखाली कोंबडीचं एक अंडं निघालं. दारांमध्ये छोटे स्पीकर बसवले, सीटखाली चपटा वूफर सरकवला, तुझ्या कॅसेटच्या टेपच्या जागी फोनवरून वाजणारा नवा टेप आला. स्टेपनी काढून टाकली आणि तिच्या जागी पंक्चर काढायचं सामान आणि हवा भरायचा छोटा पंप ठेवला. सीटांच्या मागच्या अरुंद जागेत त्याने जाळी लावून दिली, छत्री आणि चपला जातील अशी. डिक्कीत आता दोन बॅगा, आहेराची पिशवी आणि पाण्याची कॅन आरामात बसतात. आवाजही तुझ्या पेटीपेक्षा स्वच्छ आहे, शब्द कळतात. काम संपल्यावर मी तिथेच उभी राहिले, काहीतरी वाटेल म्हणून. काही वाटलं नाही. त्याला पैसे दिले आणि घरात आले.

याडीला बसवायला अर्धा मोहल्ला जमला होता. त्या गाडीत चढायचं नसतं, उतरायचं असतं, विहिरीत उतरावं तसं. एकीने काख धरली, एकीने पाय आत घेतले, आणि याडी सीटवर धपकन बसली. मी डिक्की उघडून तिला सामान दाखवलं. तिने मान वळवून पाहिलं आणि विचारलं, पेटी कुठे गेली. मी म्हटलं, देऊन टाकली. तिने मान पुढे फिरवली.

करंजी मागे पडली. मी गाणं लावलं तर म्हणाली, बंद कर. मग मीच सुरुवात केली. इतकी वर्षं तुझ्या जागेवर गाठोडं बसलं, आज तू बसलीस, असं काहीतरी, जरा जोरातच म्हणाले. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काही भलतंच बोलले आहे.

"थो तर दरवेळी म्हणे, बस म्हणे तू," याडी म्हणाली. "मीच नाही बसत होती. मले एस्टी आवडे. खिडकी भेटे. घरी, तांड्यात, जिथं जावं तिथं कोणी पाणी मागे, कोणी भाकर मागे. एस्टीत उतरेपर्यंत मले कोणी हाक मारत नव्हतं."

मी विचारलं, मग सामान?

"सीटवर सामान मीच ठेवाले लावलं. पण तुही मामी इचारे, डिक्कीत जागा हाये तं नवऱ्यासंग काहून बसत नाही, भांडण हाये काय? लोकं काहीबाही बोलून राह्यले होते. मंग त्यानं थे पेटी बनवली. म्हणे, आता डिक्कीत जागाच नाही, आता कोणी तुले काही म्हणत नाही, मलेच म्हणतीन."

मी गाडी बाजूला घेतली नाही, बापू. असं ऐकल्यावर माणसं गाडी थांबवतात असं मला वाटायचं. मी चालवत राहिले. समोर कापसाची मेटाडोर होती, तिला ओव्हरटेक केलं. मला का नाही सांगितलं असं विचारलं, तर ती म्हणाली की तू लहान होतीस, तांड्यात बोलून गेली असतीस, आणि मोठी झालीस तेव्हा तुझ्या बापानेच नको म्हटलं. पोरगी मायच्या बाजूने उभी राहते हे बरंच आहे, असं तू म्हणाला होतास म्हणे. पुढे ती लग्नातल्या आहेराबद्दल बोलू लागली.

लग्न चांगलं झालं. परतताना मी गाडी दारात आणून लावली, बॅगा डिक्कीत टाकल्या, दार उघडून उभी राहिले. याडी मामाच्या मुलाचा हात धरून गाडीच्या बाजूने पुढे गेली आणि फाट्यावर एसटीची वाट पाहत बसली. म्हणाली, बायांना अर्धं तिकीट आहे आता, पोरगा वर चढवून देतो. खिडकीची जागा मिळाली का ते मी पाहून घेतलं. मिळाली होती.

हे सगळं तुला माहीतच होतं, तेव्हा हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्न येत नाही. माझ्याकडून एकच गोष्ट राहिली आहे. याडीने सांगितलं त्या दिवसापासून मी रोज थोडा वेळ तुझ्यासाठी बसते, आता तरी रडू येईल म्हणून. येत नाही. तुझ्यावर रागावण्याखेरीज तुझ्याशी दुसरं काही करायची मला सवयच लागली नाही, बापू.