बाबांचं शून्य

प्रिय छोटू,

बाबा बरे आहेत असं फोनवर सांगितलं, ते खोटं होतं. जेवतात, झोपतात, पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाहीत. ज्या माणसानं उभा जन्म तळ्याचं पाणी सोडायचे दरवाजे उघडण्या-मिटण्यात घालवला, तो आता तळ्याकडची खिडकीसुद्धा लावून घेतो. बाहेर ट्रक राडारोडा ओतत असतात. होडीवाल्यानं होडी दारात पालथी घातलीय, तिच्यावर त्याची बायको कपडे वाळत घालते. तळं बुजवून तिथं गोदामं होणार आहेत.

तुला ती पाहणी आठवत असेलच म्हणा. कडक इस्त्रीतली पोरं दारोदार फिरली. तळं टिकावं म्हणून दरवर्षी किती पैसे द्याल, असं विचारत होती. बाबांनी त्यांना बसवून चहा पाजला आणि मग जो तोंडाचा पट्टा सोडला! स्वतःच्या घरात झोपायचं भाडं मागता का रे लेको, म्हणाले, तळं आमचंच आहे, एक पैसा देणार नाही. ते ऐकून गल्लीला असा चेव चढला की सगळ्यांनी छाती फुगवून तेच उत्तर दिलं. बाबा त्या दिवशी काय खूश होते! मीही पोट धरून हसले.

पुढे अहवाल आला. रहिवाशांच्या लेखी तळ्याचं मूल्य शून्य, गोदामांचं भरघोस. नगरपालिकेला तेवढंच हवं होतं. अहवालाखाली, तो तयार करणारा म्हणून, तुझी सही होती. बाबांना मी ती दाखवली नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोंब तरी कुणाच्या नावानं मारायची?

गल्लीनं खापर फोडलं ते बाबांवर. तुझे शाळेचे सदरे फुकट शिवून देणाऱ्या शिंपीणकाकू तोंडावर म्हणाल्या, भाऊ, तुमच्या मिजाशीपायी तळं गेलं. बाबांनी त्याच दिवशी तळ्याकडची खिडकी लावून घेतली. तेव्हापासून मला सारखं विचारतात, मी थोडे पैसे देतो म्हणालो असतो तर वाचलं असतं का गं? आणि तुला बोलवू नकोस म्हणतात. एवढ्या शिकलेल्या पोराला बापाच्या अडाणीपणाची लाज वाटेल, असं त्यांना वाटतं.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, की रागानं दिलेली असली उत्तरं शून्य धरायचीच नसतात, बाजूला काढायची असतात, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. पण काम देणाऱ्यांना घाई होती, म्हणून धरली शून्य. मग तू तुझ्या नव्या घराच्या पडद्यांबद्दल बोलू लागलास. मला तुझा इतका संताप आला की मी फोन ठेवून दिला. छोटू, तळं परत आण असं मी म्हणत नाही. रविवारी ये. शिंपीणकाकूंना हाक मारून सोबत घे आणि बाबांसमोर उभा राहून हेच सांग, की त्यांचं उत्तर बरोबर होतं आणि ते तुला कळलंही होतं. नाही आलास तर सोमवारी मी सांगेन. मग पुन्हा इकडे यायची तसदी घेऊ नकोस.

अजून तरी तुझीच,
ताई