जयूने नाही म्हटलं

प्रिय दादा,

गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं हा माझा स्वभाव नाही, तुला ठाऊक आहे. तू गेल्यावर मी कागदपत्रं पाहिली, घर आवरलं आणि कुवेतला परत आले. ऑफिसात लोकांनी विचारलं तेव्हा जेवढ्यास तेवढं सांगितलं. पण काल शुक्रवारी जयूशी फोनवर जे बोलणं झालं, ते सांगायला मला तुझ्याशिवाय दुसरं माणूस सुचेना.

विषय ऋचाचा. तुझ्या भाचीची बारावी झाली. निकालानंतर जेवताना तिने आम्हाला सांगून टाकलं, "मी एक वर्ष गॅप घेतेय. मामाच्या प्रोग्रॅमला जाणार. मामाने प्रॉमिस केलं होतं."

माझ्या पोरीला तू परस्पर शब्द देतोस? आणि मला एका अक्षराने सांगत नाहीस?

कधी दिलास तेही तिनेच सांगितलं. त्या हिवाळ्यात तू आमच्याकडे सालमियाला आला होतास तेव्हा. मी ऑफिसात, हे ऑफिसात, आणि तुम्ही दोघं टॅक्सी करून मासळी बाजारात! मॉल नको, टॉवर नको, तुला मासेच बघायचे होते. तिथे रत्नागिरीकडचा एक विक्रेता भेटला. झुबैदी, म्हणजे आपलं पापलेट, उन्हाळ्यात काही दिवस पकडायला बंदी असते असं त्याने सांगितलं. "अंडी घालायचा टाइम असतो, भाऊ. सरकार राखण ठेवतं."

"आमच्याकडे पोरं ठेवतात," तू म्हणालास म्हणे. आणि घरी येईपर्यंत तिला सगळी हकिगत सांगितलीस.

खरं तर तोवर मलाही ती धड माहीत नव्हती. आश्रमशाळेतली नोकरी वेळेआधी सोडून तू धरणाकाठच्या कातकरी वाडीवर जाऊन बसलास, तेव्हा आम्ही सगळे म्हणालो, दादाला खूळ लागलं. वाडीतल्या शाळा संपलेल्या मुलामुलींनी थोड्या मानधनावर एक वर्ष धरणाच्या पाण्यासाठी द्यायचं. माशांची पिल्लं सोडायची, जाळी दुरुस्त करायची, मच्छीमार संस्थेचा कारभार शिकायचा आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला, विणीच्या दिवसांत, पाण्यावर राखण करायची. वर्ष संपलं की संस्थेत नाव लागणार. सेवावर्ष म्हणायचास तू त्याला. मला ते नाव फार पवित्र वाटायचं, म्हणून थोडं खोटंही.

त्या रात्रीच्या जेवणाला तू जयूची गोष्ट सांगितलीस. ती तुझ्या पहिल्या तुकडीतली. राखणीच्या दिवसांत तिला पाण्यात जाळं सापडलं. ते तिच्या बापाचं होतं. तिने ते ओढून काढलं, डोक्यावर घेतलं आणि वाडीच्या मधोमध आणून टाकलं. बाप ओरडला, "घरात चूल माझ्या माशांवर पेटते, तुझ्या गुरुजीच्या कायद्यावर नाय!" ती म्हणाली, "बंदी उठली की घेऊन जा." सगळे तुझ्याकडे बघायला लागले. आणि तू गप्प बसलास!

"एक शब्द नाही बोललास?" मी चिडून विचारलं होतं. "ती एवढीशी पोर, बापासमोर एकटी."

"मी बोललो असतो तर तो माझा निर्णय झाला असता, सुमे," तू म्हणालास आणि आमटी वाढून घेतलीस.

बापाने तिच्याशी कित्येक दिवस अबोला धरला. ती मात्र रोज होडी घेऊन पाण्यावर जात राहिली. ही गोष्ट ऐकताना ऋचा जेवायची थांबली होती, एवढं मला आठवतं. त्याचा अर्थ मात्र आत्ता कळला.

जयूवर माझा राग होता, तोही सांगते. श्रावणात तू गेलास. मी विमानातून पोचले, अंगणात माणसं माझ्यासाठी थांबलेली, आणि ज्यांच्यासाठी तू जिवाचं रान केलंस त्या पोरांचा पत्ता नाही! बऱ्याच वेळाने आली, ओल्या कपड्यांनी, पायाला चिखल. मी म्हटलं, "आज तरी वेळेवर यायचंत!"

"माशांच्या पिल्लांची गाडी आली होती, ताई. मेली असती सगळी," जयू म्हणाली आणि सरळ तुझ्या पायाशी जाऊन बसली. मला ते उत्तर पटायला वर्ष लागलं.

आता तुझ्या जागी तीच आहे. म्हणून काल तिला फोन लावला. मला वाटलं, केवळ रीत म्हणून विचारायचं.

"जयू, ऋचा येतेय गं सेवावर्षाला. राहायची सोय कुठे होईल?"

ती म्हणाली, "ताई, तिला नाय घेता येणार."

"अगं, गुरुजींनी शब्द दिला होता तिला."

"दिला असंल. मला नाय बोलले. बोलले असते तरी मी त्यांना हेच सांगितलं असतं."

मी म्हटलं, तिला मानधन नको आहे. फुकट काम करेल.

"मानधनाचं नाय, ताई. जागा थोड्या हायत. यंदा वाडीतली पोरं जास्त आलीत. तिला घेतलं तर एकाला वीटभट्टीवर जावं लागंल. कोणाला धाडू, तुमीच सांगा."

फोन स्पीकरवर होता. ऋचा तिच्या अडखळत्या मराठीत म्हणाली, "जयूताई, मला फक्त काम करायचं आहे."

"काम समद्यांनाच करायचंय गं बाय. तू पावणी म्हणून ये. माझ्या घरी राहा, पाणी बघ, मासे खा. राखणीला मात्र वाडीची पोरं."

ऋचा उठून आत गेली. हे म्हणाले, "आपण संस्थेला दरवर्षी देणगी पाठवतो, तेवढी आठवण करून दे तिला." खोटं कशाला सांगू, मनात माझ्याही तेच आलं होतं.

संध्याकाळी ऋचा स्वयंपाकघरात आली. "मामा असता तर त्याने मला घेतलं असतं ना?"

"हो."

"दॅट वुड हॅव बीन राँग, नो?"

तुझ्याबद्दल तिच्यासमोर असं मी कधी बोलले नव्हते, दादा. पण म्हटलं, "हो. चुकलाच असता तो."

ती ओट्याला टेकली. मग तिने विचारलं, पाहुणी म्हणून गेलं तर किती दिवस राहू देतील.

मी रात्री विचार करत बसले. आयुष्यभर तुला कुणाला नाही म्हणता आलं नाही. आईला नाही, मला नाही, तुझ्याकडे उसनं मागायला येणाऱ्यांनाही नाही. आणि तू तयार केलेली मुलगी तुझ्या सख्ख्या भाचीला, तुझ्याच शब्दाविरुद्ध, शांतपणे नाही म्हणते! हे तू तिला कसं शिकवलंस? की नुसता गप्प बसत गेलास?

देणगीची आठवण मी तिला करून देणार नाही. रदबदलीचा फोन माझ्या घरातून जाणार नाही, ह्यांचाही नाही, हे वचन देते. ऋचाला घेऊन मीच येईन वाडीवर, आणि जयू सांगेल तिथे आम्ही दोघी काठावर बसू.

तुझी,
सुमी
सालमिया