अंबाडीच्या भाजीचं पान

तारनाका, हैदराबाद
सोमवार, दुपार

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्या सत्यवतीचा तारनाक्याहून वाकून नमस्कार (कंबर वाकू देते तेवढाच, उरलेला मनातून पूर्ण समजावा). तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला का? नांदेडला ऊन फार तापलंय म्हणे, तेव्हा पापड घालायला गच्चीवर स्वतः चढू नकोस. पत्र बघून तुझ्या छातीत धस्स होईल म्हणून आधीच लिहिते, कोणी गेलं नाही, कोणी पडलं नाही. फोन सोडून पत्र कशाला, असं विचारशील. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, आणि मला जे सांगायचंय त्यात एकदा थांबले तर पुन्हा सुरू करायची हिंमत होणार नाही.

आमच्या सूनबाईचं, म्हणजे त्रिवेणीचं, मोबाईलवरचं चॅनल तुला माहीतच आहे. तू तर तिची पहिल्या दिवसापासूनची गिऱ्हाईक. आमच्या घरात काय शिजलं, रितेशने कुठला शर्ट घातला, नातीचा दात कधी पडला, हे नांदेडला तुला आधी कळतं आणि मला शेजारच्या खोलीत मागाहून. मागे तर तू व्हिडिओ थांबवून, मोठा करून, आमच्या फ्रिजवर चिकटवलेल्या गॅसच्या पावतीवरची तारीख वाचली होतीस आणि लगेच फोन करून विचारलं होतंस की सिलिंडर दीड महिना पुरतो कसा. ही तुझी थांबवून वाचायची सवय लक्षात ठेव, पुढे माझा जीव तिच्यापायीच टांगणीला लागला.

दुसरी गोष्ट तुला माहीत नाही. मी डायरी लिहिते. लग्न होऊन इथे आले त्या वर्षापासून. हे मालगाडीवर गार्ड, एकदा गाडी घेऊन निघाले की दोन-दोन दिवस पत्ता नाही. क्वार्टरमध्ये डावीकडे तेलुगू, उजवीकडे तमिळ, वर एक उर्दू बोलणारी खाला, आणि मला त्यातलं 'नक्को' आणि 'हौ' एवढंच येत होतं. बोलायचं कोणाशी? युनियनवाले दर जानेवारीला ह्यांना एक डायरी द्यायचे, ती हे आणून माझ्यापुढे टाकायचे. तिच्याशी बोलायला लागले. अशा सदतीस डायऱ्या माझ्या कपाटात, जुन्या साड्यांच्या खाली आहेत. कोणाला ठाऊक नव्हतं. (ह्यांना वाटायचं मी वाणसामानाची यादी करते. सदतीस वर्षं एवढं सामान कुठे गेलं हे त्यांनी कधी विचारलं नाही.)

तर मागच्याच्या मागच्या आठवड्यात मी डोळे तपासायला गेले होते, तेवढ्यात त्रिवेणीने 'सासूबाईंचं कपाट लावू या' असा व्हिडिओ करायला घेतला. चांगल्या मनानेच, मला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून. धक्का बसला, तो असा. रविवारी ती, रितेश आणि नात कुकटपल्लीला तिच्या मावसबहिणीच्या डोहाळजेवणाला गेली होती. चारच्या सुमारास मी कणीक मळता मळता उठून चहा गाळत होते आणि हे मोबाईल नाकाला लावून बसले होते. म्हणाले, "अगं, हे अक्षर तुझं दिसतंय." मी पाहिलं. चॅनलवर फोटो लावलेला, त्रिवेणी हसतेय, हातात उघडलेली तपकिरी डायरी, आणि खाली लिहिलेलं, 'अत्तम्मांच्या सिक्रेट डायरीतून गोंगुराची भाजी, आज संध्याकाळी ठीक सहा वाजता.' (ती मला अत्तम्मा म्हणते, म्हणजे सासूबाई. जन्म दिलसुखनगरचा, शाळा इंग्रजी, शेजार तेलुगू. मराठी बोलते गोड, पण वाचायला दिलं की पहिल्या ओळीत घाम फुटतो.) अंबाडीला इकडे गोंगुरा म्हणतात. फोटोत पानाची पहिलीच ओळ दिसत होती, 'आज अंबाडीची भाजी केली.' पोरीने तेवढीच वाचली, पुढची दोन पानं सगळी कृतीच असणार असं धरलं, आणि व्हिडिओत कॅमेरा त्या पानांवरून सावकाश फिरवला, हे तिनेच मागाहून सांगितलं.

अक्का, त्या पानावर दुसऱ्या ओळीपासून भाजीचा संबंध नव्हता. काय होतं ते खाली लिहिते. तिथपर्यंत मला पोचू दे.

त्रिवेणीला फोन लावला, उचलत नाही. रितेशचा बंद. ह्यांना म्हटलं, तुम्ही तो व्हिडिओ थांबवा. त्यांनी आधी मोबाईल बंद करून चालू केला, मग घड्याळ बघून म्हणाले, आपल्या हातात त्याचा ब्रेक नाही. चार वीस झाले होते. मी होते त्या साडीवर चप्पल घातली. पिठाचा हात तसाच.

मेट्रोत बसलो. हे दर स्टेशनला मान बाहेरच्या बाजूला वळवून बघत होते, कारण गार्ड नसलेल्या गाडीवर त्यांचा आजही विश्वास नाही. अमीरपेटला गाडी बदलताना विचारलं, "पण लिहिलंय काय त्यात?" मी म्हटलं, भाजी. म्हणाले, "भाजीसाठी आपण धावतोय?" मी म्हटलं, मीठ चुकलंय. ते पुन्हा स्टेशनं बघायला लागले. माझ्या डोळ्यांसमोर मात्र तू दिसत होतीस, जेवणाच्या टेबलाशी बसून, चष्मा लावून, पानावर बोट ठेवून, व्हिडिओ थांबवताना.

कुकटपल्लीला उतरलो तेव्हा सव्वापाच. हॉलचं नाव मला अर्धंच आठवत होतं, आणि त्या एका गल्लीत तीन फंक्शन हॉल, तिन्हींच्या नावात लक्ष्मी. पहिल्यात शिरलो. दारात एका बाईने अंगावर गुलाबपाणी शिंपडलं, दुसरीने मला पाटावर बसवून पायांना हळद लावली, तिसरीने ओटीत ब्लाऊजपीस आणि केळी घातली. मी "त्रिवेणी, त्रिवेणी" म्हणत होते, त्यांना ते घरातल्याच कुठल्या तरी काकूचं नाव वाटलं. दोघांना हाताला धरून स्टेजवर नेलं. तिथे दहा-बारा वर्षांची पोर परकर-पोलक्यात बसलेली (मुलगी वयात आली की इकडे हॉल घेऊन समारंभ करतात, तो), फोटोग्राफर ओरडतोय, 'नव्वंडी, नव्वंडी', म्हणजे हसा. आम्ही हसलो. कोणा तेलुगू माणसाच्या अल्बममध्ये आता आम्ही जन्मभर हसत राहणार. खाली उतरले तर हे गायब. जेवणाच्या रांगेत सापडले, ताटात पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात. म्हणाले, वाढलेल्या अन्नाला नाही कसं म्हणायचं? पाच चाळीस झाले होते. अक्का, त्या क्षणी मी लग्नातल्या सप्तपदीला शिव्या दिल्या.

दुसरा हॉल बंद. तिसऱ्यात त्रिवेणी स्टेजवर, फुलांचे दागिने घातलेल्या बहिणीच्या शेजारी, गाणं असं मोठं की छातीत ढोल वाजतोय. मी सरळ वर चढले आणि तिचा हात धरला. माझ्या पायांची हळद, पिठाचे हात आणि तोंड बघून ती पांढरी पडली. "अत्तम्मा, मामय्यांना काही झालं?" (मामय्या म्हणजे हे.) मी तिला ओढत ताटं ठेवायच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि म्हटलं, तो व्हिडिओ थांबव. ती म्हणाली, "परेशान नका होऊ, तुमचं नाव चांगलंच येतंय त्यात." पाच पन्नास. मी म्हटलं, थांबव. ती म्हणाली, कारण तरी सांगा, चार दिवस काम केलंय मी त्याच्यावर.

मग सांगावंच लागलं. तिच्या मोबाईलमध्ये त्या पानाचा फोटो होता. मी तो हातात घेतला आणि स्टीलच्या ताटांच्या चवडींमध्ये उभी राहून, एकवीस वर्षांपूर्वीचं माझं अक्षर मोठ्याने वाचलं. पहिल्यांदाच. आजवर मी स्वतःही ते परत वाचलं नव्हतं. अर्ध्यावर आले, तोच त्रिवेणीने मोबाईल माझ्या हातातून काढून घेतला आणि बटणं दाबायला लागली. तर तिथे नेटवर्क नाही. नुसतं गोल फिरतंय. ती दार ढकलून धावली, मी तिच्या मागे, स्वयंपाकाच्या कढयांमधून, मागच्या दाराने, रस्त्यावर. पोरीचा गजरा वाटेत कुठे पडला कोण जाणे. रस्त्याच्या कडेला उभी राहून ती मोबाईल आभाळाकडे धरून हलवत होती, आणि लागला एकदाचा. व्हिडिओ काढला तेव्हा सहा वाजून दोन मिनिटं झाली होती.

दोन मिनिटांत चौदा जणांनी पाहिला होता. चौदा जण कोण, हे कळत नाही म्हणे.

मग आम्ही दोघी तिथेच एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. तिने कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाली, "अत्तम्मा, कोणी वाचू नये असं वाटतं, तर लिहिलं कशाला?" मी म्हटलं, कुठेतरी एका जागी खरं बोलावं लागतं गं, नाही तर आपलं आपल्यालाच खोटं पाठ होतं. आणि तू? तू कशाला दाखवतेस सगळं? ती खाली बघत म्हणाली, "रितेश आठला जातात, आठला येतात. आल्यावर जेवायला काय आहे, एवढं विचारतात. तिकडे एकदा मी डोळे पुसून बसले तरी चारशे बायकांनी विचारलं, रडलीस का." मी म्हटलं, मी शेजारच्या खोलीत असते की. ती म्हणाली, "हौ. तुम्ही विचारलं नाही कधी." अक्का, खरं आहे. मी विचारलं नव्हतं. तिचे डोळे सुजलेले मी पाहिले होते, आणि त्या दिवशीच्या पानावर 'सूनबाईचे डोळे सुजलेले दिसले' असं लिहून डायरी मिटली होती.

हे झालं गेल्या रविवारी. त्याला आज आठ दिवस. त्रिवेणीचा व्हिडिओ आला की पाच मिनिटांत तुझा फोन येतो. या आठ दिवसांत नाही आला. मी करावा तर नंबर काढते आणि मोबाईल पालथा ठेवते. चौदात तू होतीस की नव्हतीस, एवढंच डोक्यात. बाकी सर्व क्षेम. भाऊजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझी,
सत्यवती

ता. क. : पानावर होतं ते असं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी तुला फोन करून सांगितलं होतं की रितेशला टायफॉइड झालाय, मला येता येत नाही. रितेशला काही झालं नव्हतं. तो खाली मैदानात क्रिकेट खेळत होता, त्याचा आवाज फोनमध्ये जाऊ नये म्हणून मी खिडकी लावून घेतली होती. ह्यांचा पास होता, गाडी होती. दोनदा पिशवी भरून काचीगुडा स्टेशनापर्यंत गेले आणि परत आले. आई माणसं ओळखत नाही असं तू सांगितलं होतंस. मला बघून ती 'कोण गं तू' म्हणाली असती, ते मला सोसलं नसतं. म्हणून आधी टायफॉइड, मग त्याचा अशक्तपणा सांगत सात महिने सगळं तुझ्यावर टाकलं. तिची आंघोळ, तिचं हगणं-मुतणं, सगळं. आणि तू त्यातून रितेशसाठी अकरा गुरुवार उपास केलेस. नसलेल्या टायफॉइडसाठी. तेराव्याला कोणी तरी माझ्याबद्दल बोललं तर सगळ्यांसमोर म्हणालीस, तिचं लेकरू आजारी होतं, ती काय करणार. त्या दिवशी परत येऊन अंबाडीची भाजी केली, आणि हे लिहिलं.

दुसरा ता. क. : ह्यांना परवा सांगितलं. म्हणाले, "मला तेराव्यालाच कळलं होतं. अक्कांनी रितेशला जवळ घेऊन विचारलं, आता ताकद आली का रे. ते पोर नुसतं बघत राहिलं." एवढी वर्षं या माणसाने तोंडातून शब्द काढला नाही. आता मागणं असं की या वेळी आईच्या तिथीला मला तुझ्याकडे येऊ दे. स्वयंपाक मी एकटी करीन. तू पाय पसरून बस आणि मनात असेल ते बोल. नको म्हणालीस तरी समजेन.

तिसरा ता. क. : पाकीट चिकटवून झालं होतं, ते उघडून लिहिते. आत्ता तुझा फोन येऊन गेला. तुझा मोबाईल डाळीच्या पातेल्यात पडला होता, आठ दिवस दुरुस्तीला होता, आणि एवढ्या दिवसांत मी चौकशी केली नाही म्हणून तू मला पंचवीस मिनिटं झापलंस. शेवटी म्हणालीस, त्या गोंगुराच्या भाजीचा व्हिडिओ कुठे गेला, बघायचा राहिला. म्हणजे तू काहीच पाहिलेलं नाहीस. तुला काही माहीत नाही, आणि मी हे पत्र चुलीत घातलं तर कधी कळणारही नाही. फोन ठेवल्यावर मी दहा मिनिटं पत्र मांडीवर घेऊन बसले. ह्यांनी विचारलं, आता याचं काय करायचं? मी म्हटलं, डिंक आणा. आम्ही दोघं टाकायला निघतोय. पेटीपाशी मी घुटमळले, तर माझ्या हातातून काढून घेऊन टाका, असं त्यांना सांगून ठेवलंय.