वखारीची जागा आणि सावळ्याचे नाव

मी, जना लडकू घुडे, वय चौऱ्याहत्तर, राहणार शेणवा, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, धंदा शेती व गवताचा व्यापार, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. 'म्हातारीला भ्रम झाला होता' असे माझा मुलगा जगदीश सर्वांत आधी म्हणणार, म्हणून तो मुद्दाम घेतला. डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत गेले, तेव्हा त्यांनीच पुरे म्हटले.

१. पुढील मिळकत मी व माझे यजमान कै. लडकू यांनी गवताच्या धंद्यातून घेतली असून ती माझ्या एकटीच्या नावावर आहे. वडिलोपार्जित शेतीचे कायद्याने जे व्हायचे ते होईल.

२. राहते घर सून वर्षा हिला द्यावे. जगदीशचा त्यावर हक्क राहणार नाही. तो बारावीला कॉपी करताना सापडला, तेव्हा शाळेच्या छपरावर आमच्या खर्चाने नवे पत्रे चढले. त्याने ट्रॅक्टर दुसऱ्याच्या विहिरीत घातला, ती विहीर मी बांधून दिली. मुरबाडचा एकच प्लॉट त्याने दोघांना विकला, तेव्हा माझे शेत विकून मी दोघांनाही गप्प केले. दर वेळी तो दोन दिवस जेवत नसे. तिसऱ्या दिवशी मटण मागे. आणि मी करून वाढत असे.

३. माझ्या पाटल्या नात रविनाला. तिने त्या मोडून शिकावे, मिरवू नये.

४. वखारीची अकरा गुंठे जागा, शेड आणि गवताच्या गाठी बांधायचे यंत्र हे यमू सावळ्या मुकणे व तिची मुलगी राही, राहणार कातकरवाडी, यांना समान द्यावे. हे दान नाही. कारण लिहिते.

फेब्रुवारी २००३ मध्ये जगदीशचा साखरपुडा होता. संध्याकाळी तो मित्रांना घेऊन वखारीच्या आवारात रॉकेट उडवायला गेला. आमच्याकडे गाठी बांधणारा सावळ्या आडवा आला. "शेट, वारा हाय. हितं नको," म्हणाला. जगदीशने त्याला बाजूला ढकलले. तिसरे रॉकेट गंजीत शिरले. अर्ध्या तासात वखार गेली, मग मागच्या कातकरवाडीतल्या पाच झोपड्या गेल्या. माणसे वाचली. वाडीचे वर्षभराचे दाणे आणि यमूच्या शेळ्या गेल्या.

पोलीस आले तेव्हा व्याही ओटीवर बसले होते. मी म्हटले, "सावळ्याने विडी टाकली." एवढेच. सावळ्याने माझ्याकडे पाहिले. "बाय, मी तमाखू खातो. विडी वढत नाय." हे मला माहीत होते. त्याला तमाखू मीच आणून देत असे.

तो चार महिने आत राहिला. वखारीचा विमा होता, त्यातून शेड पक्की झाली. झोपड्यांचा विमा कोण उतरवणार? यमू पोटुशी होती. ती वीटभट्टीवर गेली, राही तिथेच जन्मली. साक्षीदार न आल्याने सावळ्या सुटला, नाव मात्र सुटले नाही. दुसरे कोणी कामाला घेईना, म्हणून तो पुन्हा आमच्याकडेच गाठी बांधायला उभा राहिला. तीन वर्षांपूर्वी वारला. राहीला अंगणवाडीत मदतनीस घ्यायचे ठरत होते, तेव्हा 'आग लावणाऱ्याची पोर चुलीपाशी नको' असे चौघीजणी म्हणाल्या. मी तिथेच बसले होते. चहा प्यायले आणि घरी आले.

मागच्या उन्हाळ्यात जगदीश पाहुण्यांना सांगत होता, "सावळ्यानं आमची वखार जाळली, तरी आम्ही त्याला कामावर ठेवलं." मी त्याला आत बोलावले. "आग कोणी लावली रे?" "सावळ्यानंच ना, आई?" त्याच्या तोंडावर खोटेपणा नव्हता. आधी वाटले नाटक करतो आहे. पण नाही, त्याला खरोखर आठवत नाही. रॉकेट, वारा, ढकललेला माणूस, काहीच नाही. बावीस वर्षे मी त्याच्यामागून सगळे इतके स्वच्छ पुसत आले, की त्याच्या डोक्यातूनही पुसले गेले. त्याच्यावर चिडू की स्वतःवर, हे मला अजून कळत नाही. दोघांवरही चिडते.

म्हणून स्पष्ट लिहिते: आग जगदीश लडकू घुडे याने लावली. खोटे मी बोलले. सावळ्या मुकणे निर्दोष होता.

५. हे लिहून मी यमूकडे गेले. माझ्यामागे जागा तिची होईल आणि खरे काय ते जगाला कळेल, असे सांगितले. मला वाटले होते ती रडेल. ती म्हणाली, "जागा दे, नको नाय म्हनत. पन तू मेल्यावर खरं बोलशील, मंग आमी भांडायचं कोनाशी?"

गेल्या गुरुवारी ग्रामसभेत उभी राहून मी कलम चार वाचले. यमू मागे दाराशी बसली होती. "पुन्यांदा वाच," म्हणाली. मी पुन्हा वाचले. ती राहीला घेऊन उठली आणि माझ्याकडे न बघता गेली. त्या कलमाची प्रत पोलिसांनाही दिली आहे. माझ्यावर काय व्हायचे ते होवो.

६. त्या रात्री जगदीश माझ्या खाटेशी आला. इतका वेळ तो माझ्याजवळ बसल्याला वर्षे झाली असतील. त्याला आठवले असेल, असे मला वाटले. शेवटी हळूच म्हणाला, "आई, हे मिटवायला किती लागतील?"

मी त्याला उत्तर दिलेले नाही. ते येथे देते: मिटवायला माझ्याकडे काही उरलेले नाही. वरील कलमे पाहावीत.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी भगीरथ गुरुजींनी करावी. यापूर्वीचे माझे कोणतेही मृत्युपत्र नाही. असते तर त्यात सगळे जगदीशला दिलेले असते.

वाचून घेतले, बरोबर आहे, सही करते.

जना लडकू घुडे

आमच्या देखत सही केली:
१. भगीरथ पष्टे, निवृत्त शिक्षक, शेणवा
२. डॉ. सुरज विशे, शहापूर

ठिकाण: शहापूर
दिनांक: २ डिसेंबर २०२५