गटारात टाकलेलं मीठ

लातूर, ४ मे १९८६

आज पुन्हा पहाटेपासून घागरींचा खडखडाट. गल्लीतल्या सगळ्या विहिरी आटल्या, बोअर नुसती हवा टाकतात, आणि आमच्या विहिरीचं पाणी तसूभर उतरलेलं नाही! सासूबाई — पारूबाई म्हणतात त्यांना सगळे — काठाशी खाट टाकून बसतात. "तू घे आता. तू थांब जरा." हुकूम सोडायची भारी हौस.

हसू येतं, पण हसत नाही. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो. धर्माबादकडच्या सासूबाईंच्या गावातल्या विहिरीला मात्र ते कोणी कळवलं नाही. कोणी वरून ओतेपर्यंत घागर घेऊन उन्हात उभं राहायचं. आज शेजारच्या कस्तुराबाई, एवढ्या जमीनजुमल्याच्या घरच्या, सासूबाईंपुढे रांगेत असतात. म्हातारीचं वय दहा वर्षांनी कमी झालंय.

७ मे

नांदेडहून लिंबाजीदादा आला. माझा भाऊ कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे पाहुणचार राहिला बाजूला — आधी विहीर बघितली, मग घरामागचं कच्चं गटार. "दुष्काळात हिलाच पाणी कुठून येतं गं?" मी म्हटलं, नशीब. तो हसला नाही. बाटली भरून घेऊन गेला.

त्या गटाराकडे मी रोज नाक दाबून काणाडोळा करते. लातूर जिल्हा झाला, ऑफिसं आली, आमच्यासारखे बदलीवाले आले, घरं उठली. सगळ्यांची न्हाणी-संडासं मात्र त्या एका चरात.

१३ मे

दादा निकाल घेऊनच आला. गटार मुरुमातून झिरपतं आणि थेट आमच्या विहिरीत उतरतं. नायट्रेट भरमसाट, आणि ते उकळूनही जात नाही. खरा धोका तान्ह्या बाळाला. वरच्या दुधात हे पाणी गेलं तर बाळ निळं पडतं म्हणाला.

कस्तुराबाईंच्या सुनेचं बाळ तीन महिन्यांचं आहे.

तशीच उठून त्यांच्याकडे गेले. फाटकातच भेटल्या. सगळं सांगितलं. "असू द्या बाई, आमाला चालतंय तसलं पाणी." इतका विश्वास! बाळाला तरी देऊ नका म्हणून हात जोडले. हाव हाव म्हणाल्या.

सासूबाई मात्र भडकल्या. "समदी गल्ली पिऊन राहिली, आन् तुझा भाऊ गटाराचं म्हणतो?" आमचे हे वर्तमानपत्रात तोंड घालून बसले.

१४ मे

दादाची युक्ती. विहिरीच्या वरच्या अंगाला, गटारात जाड्या मिठाची पोती रिकामी केली. सासूबाईंच्या देखत. "खारट लागलं तर मानीन," म्हणाल्या. हे आणि मी टँकरचं पाणी पितो, त्यांचा चहासुद्धा विहिरीच्याच पाण्याचा. काय म्हणावं या हट्टाला?

१६ मे

काही नाही. सासूबाई खुशीत. मला झोप नाही, डोळ्यांपुढे ते बाळ.

१८ मे

सकाळी सासूबाईंनी चहाचा एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन पुन्हा चाखलं. मग रांगेतल्या बायांना म्हणाल्या, "धुण्याला न्या. पिऊ नका." आणि खाट स्वतः उचलून आत आणली. भांडल्या असत्या तर परवडलं असतं.

२१ मे

दादाने आखून दिलं. विहिरीजवळ गटाराला फरशी, म्हणजे झिरपणं बंद. बरंच पुढे दोन खड्डे, तेही तळापासून सिमेंटने बंद केलेले — खाली दगड, वर खडी आणि वाळू, त्यात कर्दळ. पाणी सावकाश जातं, घाण खडीत अडकते, मुळं आपला वाटा खातात. वीज नको, यंत्र नको. निघालेलं पाणी झाडांना. विहीर सुधारायला मात्र एक-दोन पावसाळे जातील. गल्ली हसली, गटाराची बाग म्हणून. तरी चौघे कुदळी घेऊन आलेच.

कर्दळ कुठे लावायची यावर सासूबाईंनी हुकूम सोडायला सुरुवात केली, तेव्हा कुठे माझ्या घशाखाली घास उतरला.

२२ मे

खडी कमी पडली. कस्तुराबाईंकडे बांधकामातली उरलेली आहे. सासूबाई म्हणाल्या, "जा, माग. आन् इचार, त्यास्नी बी खारट लागलं का."

कस्तुराबाई गोठ्यात होत्या. आमच्या विहिरीवरून आणलेल्या घागरी म्हशींच्या हौदात रिकाम्या करत होत्या. खडी लगेच दिली, वाहायला गडीही दिला. मग मी खारट लागल्याचं विचारलं.

"म्हशींनी तोंड लावलं न्हाई दोन दिवस. आमाला काय ठाव? आमी कुठं पितो ते? प्यायला मुरुडच्या पाहुण्यांकडून ड्रम येतो, जीपमधी." आणि एकदम थांबल्या. "राग मानू नका बाई. घरात जुनी माणसं हायत."

बाळ ओसरीवर पाय झाडत होतं. गुटगुटीत, लालबुंद. इतकं बरं वाटलं आणि इतका संताप आला, दोन्ही एकदमच. खडी मात्र घेऊन आले. खड्डा तर भरायचाच होता.

२३ मे

जेवताना सासूबाईंनी विचारलं, "कस्तुराबाईला लागलं का गं खारट?"

हो म्हटलं. लई खारट लागलं म्हणाल्या.